कडेपासून हातभर

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर रिकामे डबे साचतात ना, तसे ते साचतात. एक दिवस आपण भलतंच काही शोधायला हात घालतो आणि सगळे डोक्यावर येतात. माझ्या डोक्यावर ते सायकलीमुळे आले. आता आलेच आहेत तर एकेक करून सांगतो, तुम्ही चहा घ्या.

पण आधी माझा गुन्हा सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. अमरावतीत माझं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. सव्वीस वर्षं मी या शहराला गाडी शिकवतोय. डॉक्टर शिकले, वकील शिकले, लग्न होऊन आलेल्या सुना शिकल्या, संत्र्याचा बहार चांगला आला म्हणून गाडी घेतलेले मोर्शीचे बागाईतदार शिकले. सगळ्यांच्या डाव्या बाजूला, पायाखाली जादा ब्रेक घेऊन, मी बसलो. आणि सगळ्यांना तिसऱ्या दिवशी मी एकच धडा दिला.

"पुढं सायकल दिसली का दोन छोटे हॉर्न आन् एक लंबा. छोटे दोन त्याले सांगाले, लंबा त्याले बाजूले कराले."

पीप-पीप-पीऽऽप. हा माझा स्वतःचा शोध. दुसऱ्या कोणत्याही स्कूलमध्ये हे शिकवत नाहीत. बाजारात कुठूनही हा हॉर्न ऐकू आला की मी बायकोला कोपरानं ढोसायचो, "आपला विद्यार्थी." शोभाला त्याचं कधी कौतुक वाटलं नाही, पण मला दरवेळी वाटायचं.

मग दोन वर्षांपूर्वी मला शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. गुडघे म्हणाले, जमणार नाही. दोघांच्या तडजोडीतून सायकल आली.

*

पहिल्या दिवशी मी बडनेरा रोडला निघालो. डोक्यावर हेल्मेट, गळ्यात शिट्टी (ती का घेतली होती, आता आठवत नाही), आणि छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा अंगात ट्रॅक पँट. हवा छान होती. मी दोन पायडल मारले असतील नसतील, मागून आलं: पीप-पीप-पीऽऽप.

मी थोडा कडेला झालो. गाडी गेली. मग दुसरी आली, तोच हॉर्न. मी आणखी कडेला. तिसरी आली तेव्हा माझं चाक पांढऱ्या पट्टीच्या बाहेर गेलं होतं आणि चौथीच्या वेळी मी एका भाजीच्या हातगाडीला टेकून उभा होतो. हातगाडीवाल्या बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "वांगे देऊ का?"

घरी आलो तर शोभा दारातच. "कशी झाली सायकल?"

"बरी झाली. आपले विद्यार्थी भेटले."

"किती?"

"सगळेच."

*

माझ्या स्कूलच्या भिंतीला लागून रफीकभाईंचं दुकान आहे. गाडीचे सीट कव्हर शिवतात. सव्वीस वर्षांचा शेजार, त्यामुळे आमच्यात कोण कोणाला काय बोलतो याचा हिशेब राहिलेला नाही. रफीकभाई लहानपणापासून सायकलनं फिरणारा माणूस. मी सायकल घेतली म्हटल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझ्या सीटला जाड फोम घालून नवं कव्हर शिवून दिलं आणि म्हणाले, "उद्यापासून संगं जाऊ. तुमाले एकट्याले सोडनं बराबर नाई."

रोज सकाळी सहाला आम्ही निघू लागलो. रफीकभाई रस्त्याच्या कडेपासून हातभर आत चालवायचे, सरळ रेषेत, न डगमगता. मागून गाडी आली तरी त्यांचं चाक इकडचं तिकडं होत नसे. गाडीवाला मागं थांबायचा, समोरून मोकळं झालं की उजवीकडून निघून जायचा. मी मात्र दरवेळी पट्टीकडं सरकायचो. आठ दिवसांची सायकल झाली होती माझी. तेवढ्या अनुभवावर मी त्यांना शिकवायला लागलो.

"रफीकभाई, कडेनं घ्या. पट्टीच्या बाहेर. आपली जागा तिथं आहे."

"भाऊ, तिथं गिट्टी हाय, काच हाय. कधी कुत्रं झोपून राहते."

"नियम म्हणजे नियम. सावकाश चालणाऱ्यानं डावीकडं राहायचं."

आता नियम डावीकडं राहा म्हणतो, हे खरं. पण किती डावीकडं, ते मी माझ्या मनानं भरलं होतं, आणि ते माप मी गाडीच्या सीटवर बसून घेतलेलं होतं. हे तेव्हा मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला परत शिकाऊ लायसन्स काढायला लावलं असतं.

रफीकभाई नुसते हसले. "पट्टीच्या बाहेरूनच जाचं असन तर सायकल कायले? उद्या मेंढ्या घेऊन येतो."

*

शेवटी एका रविवारी त्यांनी माझं ऐकलं. माझी कटकट थांबावी म्हणून ऐकलं, पटलं म्हणून नाही.

वलगावच्या रस्त्यावर होतो आम्ही. मी पुढं, ते मागं. रस्त्यावर नुकताच डांबराचा नवा थर चढला होता, पण कडेची माती कोणी भरलेली नव्हती, त्यामुळे कडेला वीतभर खाली पायरी झाली होती. रफीकभाई त्या पायरीच्या अगदी टोकावरून चालवत होते, जिथं मी सांगितलं होतं तिथं. मागून हॉर्न आला. दोन छोटे, एक लंबा. लंबा म्हणजे बाजूला हो. ते बाजूला झाले, आणि बाजूला रस्ताच नव्हता.

मी आवाज ऐकला आणि वळून पाहिलं. सायकल पायरीखाली, रफीकभाई गिट्टीत डाव्या खांद्यावर पडलेले. गाडी त्यांच्या मागंच थांबली. त्यातून एक तरुण माणूस उतरला, धावत आला, रफीकभाईंच्या बाजूनं निघून थेट माझ्याकडं आला आणि वाकून माझ्या पाया पडला.

"सर, तुमी? मांगून वळखूच नाई आले."

"अरे, त्यांना बघ आधी!"

"पाहतो ना, सर. पन हॉर्न देल्ला होता मी. तुमी शिकवला तसाच देल्ला."

खाली गिट्टीत खांदा धरून पडलेल्या रफीकभाईंनी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. म्हणाले, "पोरगं बराबर शिकलं हाय, भाऊ."

हा किस्सा सांगितला की लोक इथं हसतात, आणि आता मीही त्यांच्याबरोबर हसतो. त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून मी रडलो होतो.

*

गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. हात गळ्यात बांधला, दीड महिना शिलाई मशीन बंद. हाड जुळलं, डॉक्टरांनी सायकल चालवायला परवानगीही दिली. पण रफीकभाईंच्या घरी डॉक्टरांचं चालत नाही, शबानाचं चालतं. शबाना त्यांची मुलगी, रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला आहे. तिनं अंगणातल्या सायकलीला साखळी घालून कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. भाभींनी मला सांगितलं, रफीकभाई रोज सकाळी सहाला उठून अंगणात खुर्ची टाकतात आणि त्या कुलपाकडं बघत बसतात. हे ऐकल्यावर मला घास गोड लागेना. मला बाकी काही नको होतं. हा माणूस पुन्हा सायकलवर बसला पाहिजे, एवढंच डोक्यात होतं.

हात बांधलेला असतानाच एकदा मी संत्री घेऊन त्यांच्याकडं गेलो. मनाचा हिय्या करून बोललो, "रफीकभाई, हाड माझ्यामुळं मोडलं. कडेला मी घातलं तुम्हाला. आणि मागचा हॉर्नही माझाच होता."

"हाव, मालूम हाय. सव्वीस साल तुमच्या बाजूले दुकान हाय माहं. थो हॉर्न मले झोपेतही समजते."

"मग बोलले काहून नाही काही?"

"बोलतो ना. पहिले संत्री सोला. मले एका हातानं नाई सोलता येत."

मी चार संत्री सोलली. पाचवं हातात घेतलं तेव्हा आतून शबानाचा आवाज आला, "काका, संत्री कितीही आना. किल्ली भेटनार नाई."

*

मग मी ठरवलं की आता आपण शिकायचं. कोणाकडून शिकायचं, तर शोध घ्यायला फार लांब जावं लागलं नाही.

माझ्या स्कूलमध्ये कमलताई आहेत. बायकांची बॅच त्या घेतात. पंधरा वर्षं झाली, रोज घरून स्कूलपर्यंत सायकलनं येतात. आणि रोज कडेपासून हातभर आत चालवतात. पंधरा वर्षं मी गाडीतून जाताना काच खाली करून त्यांना ओरडलो असेन, "कमलताई, कडेनं घ्या." पंधरा वर्षं त्या "हो सर" म्हणाल्या आणि चाक बोटभरही हलवलं नाही.

मी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली, जी मी एरवी देत नाही. "कमलताई, मला एक सांगा. मी इतकी वर्षं सांगत होतो, तुम्ही ऐकलं काहून नाही?"

त्यांनी थोडा विचार केला. माणूस चांगला आहे, दुखवायला नको, असा तो विचार असावा.

"सर, तुम्ही गाडीतून सांगत होते ना."

*

मी धडा बदलला. तिसऱ्या दिवशीचा हॉर्न बंद. फळ्यावर रस्ता काढला, रस्त्यावर सायकल काढली, कडेपासून हातभर आत. सायकलवाल्याला मिशा काढल्या, म्हणजे तो माणूस आहे हे लक्षात राहावं. आणि सांगितलं, "याची जागा ही. कडेला खड्डा असतो, रेती असते, उभ्या गाडीचं दार अचानक उघडतं. तो इथंच चालणार. तुम्ही मागं थांबायचं, आणि समोर मोकळं झालं की पूर्ण बाजूची लेन घेऊन पुढं जायचं."

मागच्या बाकावर तिवशाचे एक गृहस्थ होते. कापसाचा व्यवहार, नवी मोठी गाडी. त्यांनी हात वर केला. "सर, थो इथं चालन, त मंग मी कुठून जाऊ?"

"त्याच्या मागून."

"कितीक वेळ?"

"समोर जागा मिळेपर्यंत."

त्यांनी वही मिटली. "सर, मी गाडी शिकाले आलो. सायकलच्याच मांगं जाचं असतं त बैलगाडी होती ना घरी."

दुसऱ्या दिवसापासून ते दुसऱ्या स्कूलमध्ये जाऊ लागले. त्यांच्याबरोबर आणखी तिघं गेले. जाताना एकानं प्रामाणिकपणे सांगितलं की तिथं हॉर्न शिकवतात.

*

वलगावहून रोज सकाळी एक दूधवाले काकाजी शहरात येतात. सायकलच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंना मोठाले कॅन. रस्त्याची अर्धी लेन त्यांचीच. ट्रकसुद्धा त्यांना वळसा घालून जातात. मी एकटाच फिरत होतो तेव्हा, म्हणून एकदा त्यांच्या बाजूनं सायकल घातली आणि विचारलं, "काकाजी, तुम्ही कडेनं काहून नाही चालवत?"

"कडेले रोड संपते ना बापा," ते म्हणाले. मग माझ्या सायकलकडं बघून म्हणाले, "आन् तुमच्या सायकलले रुंदीच नाई. गाडीवाल्याले वाटते, हे तर बाजूनं निघून जाईन. माये कॅन पाह्यले का त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जाते."

मला वाटलं, सापडलं. रुंदी पाहिजे. घरी आलो, गच्चीवर पडलेली एक चांगली लांब तुराटी घेतली (तुरीची वाळलेली काडी, आमच्याकडं सरपणापासून छपरापर्यंत सगळ्याला चालते), कॅरिअरवर आडवी बांधली, उजवीकडं हातभर बाहेर काढली आणि टोकाला शोभाच्या जुन्या ब्लाउजचं लाल कापड बांधलं. आता जो कोणी मला घासून जाईल, त्याची गाडी आधी तुराटीला घासेल.

युक्ती चालली. गाड्या लांबून जाऊ लागल्या. मी खुशीत भाजीबाजारातून घरी आलो, छाती दोन इंच पुढं. उतरून पाहतो तर तुराटीच्या टोकाला एक पिशवी लोंबकळत होती. सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, दोन जुड्या, थोडं आलं, हिरव्या मिरच्या. कोणाच्या तरी मोटरसायकलच्या आरशाला अडकवलेली पिशवी मी काढून आणली होती, आणि तो बिचारा घरी जाऊन बायकोला काय सांगत असेल, मला कल्पना करवेना. मी परत जाऊन तासभर बाजारात पिशवी हातात धरून फिरलो. कोणी ओळख दिली नाही. शेवटी मालकाचा शोध सोडून पिशवी शोभाकडं दिली.

तिनं पिशवी उघडून पाहिली. सगळी हकिगत शांतपणे ऐकली.

"ते ठीक हाय," ती म्हणाली, "पण मी मेथी सांगतली होती."

*

इकडं शबाना काही ऐकेना. मग मी तिला पैज घातली. "तुला वाटतं ना सायकलवाला म्हणजे मेलाच? मी एकटा अकोल्याला जाऊन येतो. पूर्ण नियमानं, कडेपासून हातभर. धडधाकट परत आलो, तर किल्ली द्यायची."

"जा," ती म्हणाली. जास्त बोलली नाही. तिचा माझ्यावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता, फक्त उलट्या बाजूनं.

अकोल्याला माझा मेहुणा राहतो, त्यामुळे मुक्कामाची सोय होती. पहाटे निघालो. मूर्तिजापूरपर्यंत इतका छान गेलो की मीच माझ्याकडं कौतुकानं बघत होतो. ट्रक मागं थांबत होते, वळसा घालून जात होते, एका ड्रायव्हरनं तर हात दाखवला. आणि मग टोलनाका आला.

टोलनाक्यावर दुचाकीसाठी अगदी डावीकडं एक अरुंद बोळ असते. सगळे तिथून जातात. पण मी आता नियमाचा माणूस झालो होतो. कडेची बोळ म्हटली की माझ्या डोळ्यांपुढं वलगावची ती पायरी यायची. मी ठरवलं, लेन म्हणजे लेन. सरकीच्या ढेपीनं भरलेल्या एका ट्रकच्या मागं मी रीतसर रांगेत उभा राहिलो. माझ्या मागं एक पांढरी कार, तिच्या मागं आणखी.

ट्रक पुढं गेला. बॅरिअर वर होता. मी ऐटीत पायडल मारलं. बॅरिअरला काय, ट्रक गेला म्हणजे गेला. बॅरिअर सरळ माझ्या हेल्मेटवर आला. टक्.

मी तिथंच, बॅरिअर डोक्यावर घेऊन, दोन्ही पाय टेकून उभा. केबिनमधला पोरगा काचेतून बाहेर वाकला. माझ्याकडं पाहिलं, सायकलकडं पाहिलं, चाकाकडं पाहिलं.

"काका, फास्टॅग कुठी लावला तुमी?"

हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. मान दोन दिवस एकाच बाजूला वळत होती, तेवढं सोडलं तर मी धडधाकटच होतो. पण मागच्या पांढऱ्या कारमध्ये कोणीतरी मोबाईल धरून बसलं होतं. मी अकोल्याला पोचलो तर मेहुण्यानं दार उघडून आधी बॅरिअरसारखा हात आडवा धरला आणि मग हळूच वर केला. येताना सायकल एसटीच्या टपावर टाकून आणली. रफीकभाईंच्या अंगणात पाय ठेवला, तर शबाना मोबाईल हातात घेऊन उभीच होती.

"काका, तुमच्या पहिले तुमचा व्हिडिओ आला."

रफीकभाई खुर्चीत बसून होते. त्यांनी तो व्हिडिओ माझ्यासमोर तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा पाहून झाल्यावर डोळे पुसले आणि कुलपाकडं बघितलं. ते बघणं मला टोलनाक्यापेक्षा जास्त लागलं.

*

त्यानंतर महिनाभरानं शबाना स्वतः स्कूलमध्ये आली. लॅबनं तिची बदली अकोल्याला केली होती. "काका, मले गाडी शिकाची हाय."

तिला कमलताईंच्या बॅचला टाकलं. मी कुलपाचा विषय काढला नाही. काढायची हिंमत नव्हती. पंधरा दिवसांत पोरीचा हात चांगला बसला. एका शनिवारी ती केबिनच्या दारात येऊन उभी राहिली.

"उद्या वलगाव रोडले जाऊ. तुमी सायकलवर पुढं, मी गाडी घेऊन मागं. कमलताई बाजूले बसतीन, अब्बू मागच्या सीटवर. मले एकदा पाहाचं हाय, गाडीतून सायकलवाला कसा दिसते थे. मंग किल्लीचं पाहू."

मी रात्रीच सायकलला तेल दिलं, हवा भरली. सकाळी निघालो. कडेपासून हातभर, मोजून. पहिला फर्लांग उत्तम. मग मागून इंजिनचा आवाज जवळ आला. माझ्याच स्कूलची गाडी, बॉनेटवर लाल अक्षरांत एल, आणि आत शिकाऊ पोरगी. पुढचं मला फारसं आठवत नाही. मान ताठ ठेवली होती, एवढं आठवतं. वलगावच्या अलीकडं लिंबाखाली थांबलो तेव्हा घाम पुसत मी म्हणालो, "पाहिलं? नियमानं चाललं की काही होत नाही."

रफीकभाई दार उघडून खाली उतरले.

"भाऊ, तुमी सगळ्या वाटेनं पट्टीच्या बाहेर होते."

"मी?"

"दोनदा गिट्टीत गेले, सर," कमलताई म्हणाल्या.

इतक्या जणांना शिकवलं, फळ्यावर मिशा काढल्या, टोलनाका डोक्यावर घेतला, आणि मागं गाडी आली तसा मी पहिल्या दिवसासारखा हातगाडीच्या दिशेनं सरकत गेलो होतो. मला स्वतःची लाज वाटली.

"उतरा," रफीकभाई म्हणाले आणि माझ्या सायकलचं हँडल धरलं.

"अब्बू," शबाना म्हणाली. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच.

"तू मागं हाय ना," ते म्हणाले आणि सीटवर बसले.

मी गाडीत मागं जाऊन बसलो. सव्वीस वर्षांत मी माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर कधी बसलो नव्हतो. तिथं पायाखाली ब्रेक नसतो. रफीकभाई निघाले, कडेपासून हातभर आत, सरळ. मोडलेल्या बाजूचा खांदा दुसऱ्यापेक्षा किंचित खाली राहिलाय, ते मला पहिल्यांदा दिसलं. पांढरा शर्ट वाऱ्यानं फुगला होता. शबाना दुसऱ्या गिअरमध्ये त्यांच्या मागं. समोरून ट्रॅक्टर येत होता, त्याच्या मागं बस. आमच्या मागंही दोन गाड्या येऊन थांबल्या आणि त्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. रफीकभाईंचं चाक हललं नाही. शबानाचा पायही हलला नाही. माझा पाय मात्र गाडीची मॅट दाबत होता, आणि ट्रॅक्टर अगदी जवळ आला तेव्हा माझं तोंड माझ्या ताब्यात राहिलं नाही.

"शबाना, हॉर्न दे!"

तिनं रस्त्यावरची नजर काढली नाही.

"काहून, काका? अब्बू दिसून राहिले ना."